नव्या शहरातला बाळांचा काटा

“अगं, आधी दुपटं अंथर. गार पत्र्यावर कुणी बाळ निजवतं का?” थोरल्या सिस्टरांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या नव्या नर्सला शिकवत होत्या, आणि माझ्यावर निजली होती कापडी बाहुली. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, तान्ह्या बाळांचा.

राजधानीत माणसे मावेनात, म्हणून माळावर हे शहर वसवले. रुंद रस्ते, कारखाने, एकसारखी घरे, आणि दवाखान्यात नवाकोरा मी. पण खरे बाळ काही येईना! दिवस भरत आले की बायका आईकडे, राजधानीत जात. त्यांचे तरी काय चुकले? घरे एका खोलीची. नकाशा काढणाऱ्यांनी नवरा-बायको मोजले, आजी मोजायची राहून गेली. गेलेल्या पुष्कळजणी परतल्याच नाहीत. मागोमाग नवरेही गेले. घरांना कुलपे लागली.

वरून हुकूम आला, यंदा एकही बाळंतपण झाले नाही तर दवाखान्यातली ही बाळंतिणींची खोली बंद. सिस्टरांनी मला पुसले, काटा शून्यावर आणला आणि देवाला हात जोडले.

मग शिवणकारखान्यातली एक गरोदर बाई तपासून घ्यायला आली. “इथंच राहिले असते हो, पण आई म्हणते, तुझ्या काडेपेटीत मी झोपू कुठं?”

“माझ्याकडे झोपू दे. मी एकटीच असते.”

“ती घोरते, सिस्टर!”

“घोरू दे. मला रात्रपाळी आहे.”

आई आली ती कुरकुरतच. “सावलीला एक झाड नाही, आणि म्हणे शहर!” लेकीला कळा लागल्या तशी मात्र तिने पदर खोचला. दुपारी टाहो ऐकू आला. ते इवलेसे ओझे माझ्यावर आले, काटा थरथरत तीन किलोवर थांबला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझासुद्धा!

“काटा बरोबर आहे ना?” आजी डोळे पुसत म्हणाली. “नातू चांगला भरलेला दिसतोय.”

भेटायला आलेली गरोदर शेजारीण दारातच रडू लागली. तिला आई नव्हती. आजीने तिच्या पाठीवर हात ठेवला. “तुझ्या वेळी मी आहे, पोरी.”

खोली उघडी राहिली. पुढे घरांना एकेक खोली वाढली, आज्या येऊन राहू लागल्या. आता माझा रंग उडाला आहे, पण पुसलेत तर मी अजून खरे वजन सांगतो. मित्रांनो, जुन्या वस्तू टाकून देऊ नका. आणि मोठे होऊन शहरे आखाल, तेव्हा म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणापुरती जागा सोडा.

आणि हो, त्या पहिल्या बाळाच्या जन्माच्या दुसऱ्याच सकाळी शेजारणीच्या घरून निरोप आला, तिला कळा लागल्या होत्या. लेक माझ्या शेजारच्या खाटेवर गाढ झोपली होती. आजीने नातवाचे पांघरूण सारखे केले, चपला हातात घेतल्या आणि दार न वाजवता निघाली.