वाढत्या अंगाचा सूट

"सर, एक रेसिंग सूट घातला की दोन सेकंद वाचतात, तर दोन एकावर एक घातले की चार वाचतील का?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्याबरोबर पोहणाऱ्या वैशाली आणि ऋतुजाने पैज लावली होती. विचारला तर मला दोन वडापाव, नाही विचारला तर त्यांना. आठवीपर्यंत मी वर्गात 'हजर'सुद्धा इतकं हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर लावून मोकळ्या व्हायच्या. नववीत मी पोहायला नदीवरून टँकवर आले, पाण्यात तोंड बंद ठेवायला शिकले आणि पाण्याबाहेर ते जे उघडलं ते उघडलंच.

टँक म्हणजे रोह्यातला पोहण्याचा तलाव. तसं सगळे त्याला पूल म्हणतात, पण आम्ही राहतो नदीपलीकडे अष्टमीला. "पूल ओलांडून पुलावर जाते" असं म्हटलं की आई म्हणते, "नीट बोल गो, डोकं फिरतंय." म्हणून टँक.

पनवेलचे प्रणित सर दर रविवारी आम्हाला शिकवायला यायचे. त्या दिवशी त्यांनी दाखवायला म्हणून एक रेसिंग सूट आणला होता. काळानिळा, गुळगुळीत, आणि एवढासा! वैशाली म्हणाली, "सर, हा बाहुलीचा आणलात." मग तिने किंमत ऐकली आणि सूट गरम तवा असल्यासारखा माझ्या हातात टाकला.

माझ्या प्रश्नावर सगळा टँक हसला. सरसुद्धा.

"दोन घातलेस तर श्वासच बंद होईल, रोशनी. हा घालताना घाम फुटला पाहिजे, कातडीसारखा बसला पाहिजे, तरच उपयोग. आणि खरं सांगू? तुम्हाला कुणालाच हा नकोय. भिंतीपाशी वळताना तुम्ही जत्रेत हरवल्यासारख्या इकडेतिकडे बघता. त्यात या सूटचे दोन सेकंद कितीदा वाहून जातात. आधी वळायला शिका."

वडापाव मी उभ्या उभ्या खाल्ले. दोन्ही.

घरी जाऊन सगळा प्रसंग करून दाखवला. सरांचा आवाज, वैशालीचा चेहरा, सगळं. आई खिडकीपाशी साडीला फॉल लावत होती. दाताने दोरा तोडून हसत होती. बाबा सकाळची शिफ्ट संपवून आलेले, कंपनीच्या ढगळ शर्टातच जेवायला बसले होते. ते हसले नाहीत.

"दोन सेकंद म्हणजे किती गो?"

मी दोनदा टिचकी वाजवली. "एवढं."

"एवढंसंच?"

"बाबा, मी तेवढ्यानेच तर मागे राहते."

आता वाटतं, तेवढंच एक वाक्य गिळायला हवं होतं. पण ते खरं होतं. आमच्या क्लबातून पेणच्या जिल्हा निवडीला ज्या जाणार, त्यांच्यातल्या पहिल्या दोघींचाच टँकचा फुकट पास पुढे चालू राहणार होता. बाकीच्यांचा बंद. टँकवर मुलं वाढली होती, पाणी तेवढंच होतं. सरावात एक नागोठण्याची मुलगी पहिली यायची, ऋतुजा दुसरी आणि मी तिसरी. ऋतुजाचा हात भिंतीला लागायचा, टिचकी, टिचकी, मग माझा. दर वेळेला.

सर म्हणाले होते की सूट नको. तेही मी सांगितलं होतं. पण बाबांच्या कानात टिचक्याच राहिल्या असणार. ते सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या शिफ्टला जायला लागले. मला म्हणाले, माणसं कमी हायत. मी म्हटलं, बरं.

निवडीच्या आठवड्यात बाबा पनवेलला गेले आणि संध्याकाळी पाकीट माझ्या मांडीवर टाकून पायातले बूटही न काढता समोर बसले.

"उघड गो."

मी किंचाळले. शेजारच्या धोंडुबाई धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. मी नाचत आत गेले, दार लावलं, सूट चढवला आणि घाम फुटायची वाट बघत उभी राहिले.

घाम फुटला नाही. सूट पटकन चढला. इतका पटकन की खांद्यावरून परत खाली आला. कमरेपाशी माझी मूठ आत जात होती. मागच्या लेबलावरचा आकडा बघितला. तो माझा नव्हता. वैशालीच्या ताईचा असेल.

बाहेर आले. आईने मला गोल फिरवून बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी.

"मीच सांगितलं यांना फोनवर. एवढा भारी कपडा, वाढत्या अंगाचा घ्या म्हटलं. दोन वर्सं तरी गेला पायजे."

"आणि पाण्यातला कपडा," बाबा म्हणाले. "पाण्यात आटणार नाय काय? तो दुकानवाला बारका देत होता मला. मी म्हटलं, नाय, तो मोठा काढ. मला शिकवतो."

आमच्या घरात कुठलाही कपडा माझ्या मापाचा आला नाही. युनिफॉर्म, रेनकोट, चपला, सगळं वाढत्या अंगाचं. पहिल्या वर्षी मी त्यात बुडते, दुसऱ्या वर्षी तो बसतो आणि तिसऱ्या वर्षी विटतो. सरांचं ते 'कातडीसारखा' माझ्या नकलेच्या हशात विरून गेलं असणार, आणि त्याशिवाय आई-बाबांना चूक कळायचं कारणच नव्हतं. पहिल्यांदाच आमच्या घरात असा कपडा आला होता जो मोठा घेतला की फुकट.

"बदलून मिळेल?" मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कशाला? आवडला नाय?" बाबांनी विचारलं. "पाकीट फोडलं की परत घेत नाय, असं बोलला तो."

पाकीट मी दाताने फोडलं होतं.

"आवडला! खूप आवडला. थोडा सैल वाटला एवढंच."

"मग भिजवायचा," आई म्हणाली. तिच्या धंद्यातला पहिला नियम तो. फॉल लावायच्या आधी भिजवून आटवून घ्यायचा, नाहीतर नंतर साडीला चुण्या पडतात. तिने बादलीत पाणी काढलं, फॉलांच्या शेजारी माझा रेसिंग सूट बुडवला आणि वर ताटली ठेवली. दुसऱ्या दिवशी फॉल आटले होते. सूट होता तेवढाच होता. पाण्याचा त्याला जणू पत्ताच नव्हता. आईने तो परत बुडवला. तिसऱ्या दिवशी तिने तो पिळून दोरीवर टाकला आणि माझ्या पिशवीत परकराची एक नाडी ठेवली. "मागनं बांध," म्हणाली.

पेणला जाताना एसटीत बाबांनी कंडक्टरलासुद्धा सांगितलं, पोरगी स्पर्धेला चाललीय म्हणून. आईने गजरा घातला होता. ती मला पोहताना पहिल्यांदाच बघणार होती.

कपडे बदलायच्या खोलीत ऋतुजाने माझी पाठ बघितली आणि म्हणाली, "येडे, हे काय? परकर नेसून उतरतेस काय? तुझा जुना कुठाय?"

जुना पिशवीत होता. विटलेला, मांडीपाशी उसवलेला, पण माझ्या मापाचा. मी तो हातात घेतला. खोलीच्या जाळीतून समोरच्या पायऱ्या दिसत होत्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते. काय सांगत होते ते ऐकू येत नव्हतं, पण बोट आमच्या दाराकडे होतं. मग त्यांनी हवेत टिचकी वाजवली. दोनदा.

मी जुना परत पिशवीत कोंबला.

"मेलीस तू," ऋतुजा म्हणाली. तरी तिनेच खांद्याचे पट्टे मागे ओढून नाडीने गच्च बांधून दिले. गाठ मारताना म्हणाली, "मला सोपं करतेस काय गो?"

"स्वप्नात!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. मला तेव्हा वाटत होतं की कदाचित ओला झाल्यावर चिकटेल. इतका महाग आहे, काहीतरी तर करेल.

शिट्टी झाली. मी उडी मारली आणि तिथल्या टँकचं पाणी सूटच्या गळ्यातून आत शिरलं. पोटाशी गोल फुगा झाला. हात मारला की मी पुढे आणि फुगा मागे. बादली बांधून पोहल्यासारखं वाटत होतं. भिंतीपाशी वळले, आणि सांगते, तसं मी कधीच वळले नव्हते, इकडेतिकडे न बघता, सरांनी सांगितलं तसं. महिनाभर तेच तर केलं होतं. पण वळताना नाडी सुटली आणि एक पट्टा कोपरापर्यंत आला. तिथून पुढे एका हाताने पोहले आणि एका हाताने अंग झाकलं.

ऋतुजा दुसरी आली. तिच्या अंगावर शाळेच्या दुकानातला साधा सूट होता. मी शेवटची. टिचक्या मोजायच्या पलीकडे.

आईने मला साडीच्या पदरात गुंडाळलं. प्रणित सर आले, सूटकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "वळलीस छान." पास गेलाच होता.

परतीच्या एसटीत आम्ही तिघं एका बाकावर. सूट माझ्या मांडीवर पिशवीत, अजून गळत होता. नागोठणं गेलं. मग बाबा हळूच म्हणाले, "दुकानवाल्याने फसवलं गो. याच्याहून भारी असतो काय?"

"बाबा..."

"नाय, असला तर सांग. पनवेलला टँक हाय, पैसे भरून घेतात. शिफ्टा काय, मिळतात. हा पण टाकायचा नाय, पुढच्या वर्षी बरोब्बर बसेल."

"व्हय," आई म्हणाली. "वाढत्या अंगाचाच हाय."

मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना सांगितलं असतं की सूट भारीच होता, फक्त मोठा होता, तर आईने स्वतःला कायमचा बोल लावला असता. नसतं सांगितलं, तर बाबा पुन्हा दुसऱ्याच्या शिफ्टला गेले असते, अजून भारी आणायला. आणि तोही मोठाच आणला असता.

हल्ली मी मोठ्याने बोलते. कंडक्टरने मागे वळून बघितलं इतक्या मोठ्याने बोलले.

"आई, बाबा, ऐका. मी पोहणं सोडतेय. उद्यापासून टँकवर जाणार नाही, पनवेलला पण नाही. आणि कुणीही काही आणायचं नाही."