वरुणला मिळणारी बोलणी

राणीच्या वाट्याला कौतुक आलं होतं आणि वरुणच्या वाट्याला बोलणी. सुरुवातीला राणीला त्यात आपलाच विजय दिसला.

दोघंही एकाच पॉलिटेक्निकात डिझाइन शिकत होते आणि वन-नॉर्थ भागातल्या एका छोट्या स्टुडिओत इंटर्न म्हणून लागले होते. काम होतं किटलीच्या मुठीचं. संधिवाताने बोटं आखडलेल्या म्हाताऱ्या माणसांना भरलेली किटली उचलता यावी, अशी मूठ हवी होती. फोम कापायचा, घासायचा, हातात धरून बघायचा आणि स्यू लिंगपुढे ठेवायचा. स्यू लिंग ही तिथली मुख्य डिझायनर. केस आखूड कापलेले, बोलणं तुटक.

राणीचं मॉडेल ती हातात फिरवून बघायची, "नाइस, थँक यू" म्हणायची आणि खाली ठेवायची. वरुणचं मॉडेल दिसलं की मात्र तिच्या कपाळाला आठी पडायची. "हे काय आणलंस? वांगं?" म्हणत ती लाल मार्कर उघडायची आणि फोमवर रेघा मारत सुटायची.

"आजपण नाइस म्हणाली," पुंगोलमधल्या आपल्या घरी जेवताना राणीने सांगितलं. सरलाताईंनी लेकीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"आणि काय म्हणाली?" नागसेनरावांनी विचारलं. ते स्वतः संशोधक. पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

"आणखी काय म्हणणार, बाबा? चांगलं आहे म्हटल्यावर विषय संपला ना!"

विषय खरंच तिथेच संपत होता. वरुणचा मात्र संपत नव्हता, आणि हे लक्षात आल्यापासून राणीला चैन पडेना. त्याला बोलायला लागली की स्यू लिंग स्टूल ओढून बसायची. तिची कॉफी गार व्हायची, फोन वाजून थांबायचा. एकदा तर तिने वरुणचा पंजा धरून फोमवर दाबला आणि म्हणाली, "बघ, जोर इथे येतो. तू डोळ्यांनी आकार काढतोस, हाताने नाही." दोन टेबलं पलीकडे राणीचा हात फोम घासता घासता थांबला. हे वाक्य आपल्याला का नाही मिळालं?

मग एके दुपारी स्यू लिंग वरुणला घेऊन ज्येष्ठांच्या केंद्रात गेली, म्हाताऱ्यांच्या हातात मुठी देऊन बघायला. "राणी, तू इथलं आवर," जाता जाता म्हणाली. काचेतून ती दोघं एमआरटी ट्रेनच्या स्टेशनकडे जाताना दिसली. वरुण हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि स्यू लिंग चक्क हसत होती. राणीने टेबल पुसलं, इतकं की कोपऱ्याचा रंग निघायला आला.

दुसऱ्या दिवशी वरुण नवी मूठ घेऊन तिच्याकडे आला. "राणी, जरा बघ ना. उद्या क्लायंट येणारेत. काही खटकतंय का?"

राणी डावखुरी. मूठ हातात घेताच तिला कळलं, अंगठ्याचा खळगा एकाच बाजूला होता. डाव्या हाताने धरली की कडा बोटांत रुतत होती.

"छान आहे," ती म्हणाली.

क्लायंटसमोर स्यू लिंगने मूठ डाव्या हातात घेतली आणि तिचा चेहरा बदलला. राणीच्या मनात आलं, आता बरी जिरेल याची! पण ते लोक गेल्यावर स्यू लिंगने वरुणला खुणेने बोलावलं, दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत दोघं मिळून नवा फोम कापत बसली. बाहेर आला तेव्हा वरुण केसांपासून बुटांपर्यंत भुशाने माखलेला होता. चेहरा मात्र उजळलेला.

राणीला राहवेना. ती सरळ स्यू लिंगपुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्ही मला कधी रागावत का नाही?"

स्यू लिंगने मान वर केली. "तू मला तयार वस्तू आणून देतेस. गुळगुळीत घासलेली. त्यात हात घालायला जागा कुठे असते? मी नाइस म्हटलं की तू लगेच निघून जातेस. मलाही कामं असतात. मीही जाऊ देते." थोडं थांबून ती म्हणाली, "ते माझंही चुकलंच. उद्या अर्धवट काहीतरी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी राणीने ओबडधोबड मॉडेल नेलं. लाल मार्कर फोमवर फिरू लागला तशी तिची कानशिलं तापली. डोळे भरून येतील की काय, असं वाटलं. वरुण हे रोज ऐकून वर हसतो कसा, याचाही तिला हेवा वाटला. पण स्यू लिंगने स्टूल ओढलं होतं, आणि राणी जागची हलली नाही.

शेवटी निवड झाली ती वरुणच्याच मुठीची. पुढच्या सत्रातही यायला स्टुडिओने त्यालाच सांगितलं. सगळ्यांबरोबर राणीनेही टाळ्या वाजवल्या. आत आग आग होत होती. हे आपलं असायला हवं होतं, आपल्याला हवं होतं.

"तू पण अप्लाय कर ना," वरुण तिच्याजवळ येत म्हणाला. त्याच्या आवाजात खोट नव्हती, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"बघते," ती म्हणाली. तिने फोमचा नवा ठोकळा उचलला आणि स्यू लिंग घरी जायच्या आत तिला गाठायला निघाली.