कमरेवर हात

आमच्या विदिशेतले हस्तिदंत कोरणारे देखणं काम करतात, यात वाद नाही. फक्त त्यांच्या हाती दगड देऊ नये. पण मी पडलो साधा पाथरवट, माझं ऐकतो कोण?

टेकडीवरच्या स्तूपाला दगडी तोरण उभं राहत होतं आणि त्यातली एक आडवी शिळा त्या हस्तिदंतवाल्यांतल्या नागपियाच्या वाट्याला आली. खाली राजाची मिरवणूक, वर सज्जातून ती पाहणाऱ्या बायका. त्यातली एक आपल्या बायकोसारखी, चिरातीसारखी करायचं त्याने ठरवलं. ती तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. तिला तसा निरोपही धाडला. मग काय, जेवणवेळ टळली तरी गडी उठेना. बोराएवढ्या तोंडावर त्याने पापण्या कोरल्या, हनुवटीवर तीळसुद्धा.

"अरे बाबा, ही हस्तिदंताची फणी नाही, तोरण आहे," मी म्हणालो. "वर चढल्यावर तुझा तीळ मुंगीलाच दिसेल."

"चिरातीला दिसेल," असं म्हणून त्याने तिळावरची धूळ फुंकली.

शिळा वर बसली, पूजा झाली. पूजलेली शिळा आमच्यात खाली उतरवत नाहीत. वर चढायला बांधलेलं पायाडही सुटलं. त्यानंतर चिराती आली, ती गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊनच. आपण तोरणावर आहोत हे तिने गावभर सांगून ठेवलं होतं.

सगळ्यांनी माना वर केल्या.

"यातली तू कुठली गं?"

"हनुवटीवर तीळ आहे बघा," नागपिय पुटपुटला.

"तीळ? आम्हाला हनुवटीच दिसेना!"

बायका खो खो हसल्या. चिरातीचा चेहरा पडला. नागपियाकडे तर बघवेना. मलासुद्धा थट्टा सुचली नाही.

चिराती डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहत राहिली.

"ती बघा, कोपऱ्यातली," ती एकदम म्हणाली. "सगळ्या मिरवणूक बघताहेत. ती एकटी पाठ फिरवून दाराकडे बघतेय. कमरेवर हात ठेवून." मग नवऱ्याकडे वळली. "अहो, मी अशी उभी राहते?"

"रोज. मला जेवायला उशीर झाला की."

"अगंबाई, हो की! तूच ती!" बायका ओरडल्या.

"चला आता घरी," चिराती म्हणाली. हात कमरेवरच होता. "भावजी, तुम्हीपण चला."

नागपिय निमूटपणे तिच्या मागे निघाला. मी वर पाहिलं. तिथली चिराती अजून दाराकडेच बघत होती. तिथे मात्र हा कधीच वेळेवर पोचणार नाही.