जावयाचं वेगळं खातं

मधुवंतीने पुन्हा एकदा कपाळावर हात मारून घेतला. आज ही सॉफ्टवेअरची लायब्ररी तरी राहील नाहीतर मी तरी, असं तिला झालं होतं.

जयेंद्रगंजातल्या त्या ऑफिसात शाळांचे निकाल तयार व्हायचे. सगळं काम क्लाउडवर, आणि आत शिरायचं ते मालकांच्या, शरच्चंद्रकाकांच्या, एकाच नावाने. पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ. गेल्या महिन्यात एका शाळेचे गुण कुणीतरी पुसून टाकले. कुणी, ते कळायला मार्ग नव्हता, कारण नोंदीत सगळीकडे काकाच. कॉम्प्युटरचं बघते ती मधुवंती, म्हणून खापर तिच्या डोक्यावर फुटलं. “पुन्हा असं झालं तर मला दुसरं कुणी पाहावं लागेल,” असं काका सगळ्यांसमोर म्हणाले. काका तिच्या वडिलांचे मित्र, त्यामुळे ते घरीही ऐकावं लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला होता. ज्याचं त्याचं खातं, एकदाच लॉगिन, आणि ज्याचं जेवढं काम तेवढंच त्याला उघडणार. एकेक माणूस हाताने जोडत बसायला नको, म्हणून तिने दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली ही तयार लायब्ररी वापरायला घेतली आणि स्वतःचं रक्त आटवून घेतलं. गुण भरणाऱ्या उषाताईंना परवानगी दे म्हटलं, की लायब्ररी ‘यशस्वी’ म्हणून मोकळी. उषाताई मात्र बाहेरच! दुपारी उलगडा झाला. तो शेरा परवानगी मिळाल्याचा नव्हताच, नुसता अर्ज घेतल्याचा होता. काम झालं का, ते थोड्या वेळाने आपणच विचारायचं. खिडकीवरचा बाबू ‘हो जाएगा’ म्हणतो, तसलीच गत. एवढं एका ओळीत लिहून ठेवायला लायब्ररी लिहिणाऱ्यांचे हात मोडले होते का, असं ती पुटपुटली.

तिने प्रोग्रॅम दुरुस्त केला. उषाताई आत गेल्या, मागोमाग तरुण नावाचा दुसरा कारकून गेला. उरले हेमेंद्रराव, काकांचे जावई.

“मेरे को अलग नाम की क्या ज़रूरत?” मोबाइलवरची नजर न काढता ते म्हणाले. “मी पापाजींच्याच नावाने करत जाईन ना.”

“मग कुणी काय केलं ते कळणार कसं?”

जावयाला जाब विचारायची काकांच्या घरात रीत नव्हती, आणि ऑफिस म्हणजे त्यांचं घरच. काकांनी मधुवंतीला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं.

“मधू, बाकीच्यांचं केलंस ते एकदम छान केलंस. पण यांच्यापुरतं माझं नाव चालू राहू दे.”

“काका, ते पुसलेले गुण यांनीच...”

“माहीत आहे मला.”

“केव्हापासून?”

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “त्याच दिवसापासून.”

मधुवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि बोलणी मी खाल्ली? सगळ्यांसमोर?”

“तुला दुसरी नोकरी मिळून जाईल गं,” काका हळूच म्हणाले. “माझ्या मुलीला, अवंतिकाला, दुसरं घर कुठून आणून देऊ?”

मधुवंती जागेवर आली. तिने हेमेंद्ररावांचं खातं जोडलं आणि काकांचं बंद करून टाकलं.

“आता तुम्हाला तुमच्याच नावाने आत जावं लागेल, हेमेंद्रराव,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि तिने पर्स उचलली.