काडेपेटीएवढं गाणं

"शिवता शिवता बाई, दोरा नेढ्यात अडला,
लेक पल्याड रडली, हुंदका कानी पडला."

आई शिलाई मशीनवर बसली की हे म्हणायची, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्येच थांबून, मान न वळवता सांगायची, "अगं, दूध वर आलं बघ." दूध खरंच पातेल्याच्या काठाशी आलेलं असायचं. गाणं आईच्या ओठांवर, पाय मशीनच्या पायडलवर आणि कान साऱ्या घरभर.

आई जाऊन बारा वर्षं झाली होती. मुकादमाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या धाकटीला तो आवाज आत्ताच का आठवावा?

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात सगळे तिला धाकटीच म्हणत. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर दोघी लागतात. एक ओली चादर तापल्या रुळांत घालणारी, दुसरी पलीकडून कोरडी, कडक झालेली चादर घेणारी. घालायला मावशी, घ्यायला धाकटी. दोघींच्या मध्ये वाफ, घरघर आणि माणसाएवढे उंच रूळ. बोललेलं कोणालाच कळायचं नाही, म्हणून मावशीनं पहिल्याच दिवशी तिला ठोक्यांची भाषा शिकवली होती. यंत्राच्या पत्र्यावर एक ठोका म्हणजे चादर आली. दोन ठोके म्हणजे थांबव. थांबवायचं लाल बटण धाकटीच्या बाजूला.

"कानानं नाही ऐकायचं, पोरी," मावशी म्हणाली होती. "तळहात पत्र्यावर ठेवायचा. तळहात खोटं बोलत नाही."

सात वर्षं तळहातानं ऐकून धाकटीचे कान रिकामे पडले होते. दिवसभर नुसती घरघर. फोन दारातल्या कप्प्यात ठेवून आत यावं लागायचं. मग गेल्या महिन्यात तिनं रस्त्यावरच्या एका गाडीवरून गाणी वाजवायचा एक छोटा प्लेअर घेतला. काडेपेटीएवढा, तिच्याहून हलका. पडदा नाही, नाव नाही, चार बटणं आणि कानात घालायची एक वायर. एकदा चार्ज केला की आठवडा निघायचा. कुणाचा फोन येणार नाही, कुणी निरोप धाडणार नाही. डोक्याच्या फडक्याखालून वायर घेतली की देवालाही दिसायचं नाही. स्वस्तातली वस्तू, तिची खोडही स्वस्तातली. वायरीचा डावा कान मुका. आवाज एक तर मुंगीचा नाही तर वरातीचा, मधलं काही नाही. आणि चालू करायचं बटण इतकं सैल, की खिशात हात लागला तरी आपापलं गायला लागायचं.

तरी धाकटीला तो आवडायचा. चादरी तशाच, वाफ तशीच, पण दुपार सरायला लागली होती.

मग तो मंगळवार आला. चादरीचा ओला कोपरा मावशीच्या डाव्या हाताला गुंडाळला आणि बोटं रुळाकडे ओढली गेली. उजव्या हातानं मावशीनं पत्र्यावर ठोकलं. दोनदा. पुन्हा दोनदा. धाकटीच्या कानात गाणं ऐन रंगात होतं. ठोके तिच्या तळहाताला लागले, नीट लागले. पण गाण्याचा ठेकाही तसाच दोन-दोन होता, आणि तळहातानं ते गाण्याच्या हवाली केले. तिनं चक्क मान डोलवली. चादर मध्येच थबकून तिरकी झाली तेव्हा कुठे तिनं बटण दाबलं.

मावशीची तीन बोटं भाजली. त्याला आज आठ दिवस झाले होते.

"आत या," मुकादमानं हाक मारली.

आत मावशी आधीच बसली होती. डावा हात पांढऱ्या पट्टीत, मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. धाकटीनं तिच्याकडे बघितलं नाही. बघवेना.

"तुमचं तेव्हाचं म्हणणं मी लिहून घेतलंय," मुकादम कागदावर बोट ठेवत म्हणाला. "ठोका आला नाही, असं तुम्ही सांगितलंत. बरोबर?"

खरं तर ती एवढंच म्हणाली होती, की मला काही कळलं नाही. रडत, वाफेत, सगळे भोवती जमलेले असताना. त्याचं 'ठोका आला नाही' हे वाक्य मुकादमानं केलं होतं आणि तिनं ते राहू दिलं होतं.

"हं," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या ॲप्रनच्या खिशात काहीतरी किणकिणलं.

बारीक, डासासारखं. सकाळी तिनं तो प्लेअर घरी ठेवायचा म्हणून काढला होता आणि सवयीनं खिशात टाकला होता. तिनं खिशावर हात दाबला. बटण चुकलं. डासाची वरात झाली.

मुकादमानं मान वर केली. "काय वाजतंय?"

"खिडकीतून येत असेल, बाहेरून," धाकटी म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. बोटं कापडावरून बटण चाचपत होती. एक, दोन, तिसरं. गाणं बंद पडलं.

"ही खिडकी मी किती वेळा सांगितली दुरुस्त करायला," मुकादम पुटपुटला आणि पुन्हा कागदाकडे वळला. "तर मावशी, इशारा दिला नाही, असं इथे येतंय. तुमचं वय झालंय, राग मानू नका. हात बरा झाला तरी यंत्रावर आता तुम्हाला उभं नाही करता येणार. घड्या घालायला या हवं तर. इथे सही करा."

सुटले, असं धाकटीच्या मनात आलं. आणि त्या विचाराचीच तिला इतकी भीती वाटली की तिनं खुर्चीची कड धरली.

मावशीनं पेन घेतलं, पण लिहिलं नाही.

"साहेब, मला एक सांगा. माणसाला ठोकल्यासारखं वाटून ठोकायचं राहू शकतं का?"

"म्हणजे?"

"मला आठवतंय मी ठोकलं. हा हात असा." तिनं उजवी मूठ हवेत धरली. "पण ही पोर खोटं बोलायची नाही. तिचा तळहात मीच तयार केलाय. मग राहिलंच असणार माझ्याकडून." ती हसली, पण ते हसू ओठांच्या कडेलाच विरलं. "घरी सुनेला सांगितलं. तेव्हापासून ती मला गॅसपाशी जाऊ देत नाही. परवा नात माझ्याकडे झेपावली, तर सुनेनं मधल्यामधे उचलून घेतली. चूक नाही हो तिची. मीच रात्री चार वेळा उठून कडी बघते. लावलेली असते. तरी बघते."

"होतं असं वयाप्रमाणे," मुकादम म्हणाला.

"मला घड्यांचं काही नाही. घड्या घालीन. पण जे केलं ते केलंच होतं का, हेच कळेनासं झालं तर..." मावशीनं धाकटीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. अंधारात पायरी चाचपणाऱ्या माणसाची नजर होती. "तूच सांग गं. ठोका अजिबात नव्हता ना आला? एकही?"

हो म्हटलं तर काम राहील. घरी भाऊ जाब विचारणार नाही, शेजारीण टोमणे मारणार नाही, सगळं होतं तसं होईल. आणि मावशी आज रात्री पाचव्यांदा उठेल, उद्या सहाव्यांदा.

"अगं बोल की," मावशी म्हणाली. "मी रागवायची नाही. नक्की कळलं तरी झोप लागेल मला."

मुकादमानं घड्याळात पाहिलं. "सही करा मावशी, उगाच डोक्याला ताप."

मावशीनं पेन टेकवलं.

"थांबा," धाकटी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती, केव्हा ते तिलाच कळलं नव्हतं. खिशातून तिनं तो वायरीसकट बाहेर काढला आणि टेबलावर, त्या कागदावरच ठेवला.

"हे काय?" मुकादम म्हणाला.

ती मावशीसमोर खाली बसली.

"तुम्ही ठोकलं होतं, मावशी. दोनदा, आणि परत दोनदा. माझ्या तळहाताला लागलं. माझ्या कानात हे चालू होतं, आणि मला वाटलं, गाण्याचाच ठेका आहे."