नावानिशी

चादरीची शेवटची घडी घालायला मावशी पुढे झाल्या, पण समोरची आपलं टोक सोडेना.

"मावशी, काल तुम्ही प्रार्थनेत काय काय बोललात?"

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत या दोघी जोडीने चादरींच्या घड्या करायच्या. समोरचीला सगळे घडीवालीच म्हणत. ती दुसऱ्या देशातून जीव मुठीत धरून आलेली. तिथे येशूचं नाव घेणं म्हणजे तुरुंगाची वाट धरणं. भाऊ मात्र तिथेच राहिला होता. त्याची बेकरी होती आणि भट्टीमागच्या खोलीत चार विश्वासी जमून हलक्या आवाजात प्रार्थना करत. चादरी झटकता झटकता हे तिने एकट्या मावशींना सांगितलं होतं.

आणि मावशी म्हणजे मंडळीतल्या प्रार्थनेच्या बाई. जगात कुठेही विश्वासासाठी छळ सोसणाऱ्यांची आठवण करायला दर रविवारी त्याच उभ्या राहत. "सर्व पीडितांना सांभाळ" असली ढोबळ प्रार्थना त्यांना मुळीच पटत नसे. नाव, गाव, धंदा, दुखणं, सगळं देवाच्या कानावर घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पाळकसाहेब थट्टेने म्हणत, मावशींची प्रार्थना ऐकून पोस्टमनसुद्धा घर शोधून काढेल. मावशी त्यावर खूशच होत. माया अशी मोघम करता येते का, असा त्यांचा सवाल असे, आणि खरं सांगायचं तर त्यात काही चूक नव्हतं.

काल त्यांनी बेकरीवाल्या भावासाठी प्रार्थना केली. शहर, भट्टी, मागची खोली, काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. पाळकसाहेबांचा जावई दर रविवारची उपासना इंटरनेटवर टाकतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"अगं, मी देवाशी बोलत होते," मावशी म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना जावयाचा कॅमेरा आठवला.

जावयाने व्हिडिओ लगेच काढून टाकला. फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणाला. पण कुणी पाहिला, ते काही त्याला सांगता येईना.

बेकरीचं शटर ओढलं की भाऊ रोज संध्याकाळी बहिणीला एक मिस्ड कॉल द्यायचा. त्याहून जास्त बोलण्याची सोय नव्हती. यंत्रांच्या धडधडीत रिंग ऐकू येत नसे, म्हणून दोघी फोन टेबलावर उताणा ठेवून कामाला लागत. त्या संध्याकाळी कॉल आला. पुढचे दोन दिवसही आला. मावशींना वाटलं, सुटलो. गुरुवारी मात्र फोन तसाच काळा पडून राहिला. नेटवर्क नसेल, मावशी म्हणाल्या. घडीवालीने मान हलवली आणि पुढची चादर उचलली.

घरी मावशींच्या घशाखाली घास उतरेना. सुनेने डॉक्टरकडे चला म्हणून घोशा लावला. दुखणं अंगाचं नव्हतं, पण सांगायचं कुणाला? प्रार्थनेला बसलं की भावाचं नाव ओठांवर यायचं आणि त्या ते तसंच गिळायच्या. मनातल्या मनातसुद्धा घ्यायची भीती वाटायची.

रविवारी त्यांनी पाळकसाहेबांना विनवलं, आज मला उभं करू नका. पण वेळ झाली तेव्हा सगळी मंडळी सवयीने त्यांच्याकडेच बघू लागली. जावयाने आपण होऊन कॅमेरा बंद केला. मावशी उभ्या राहिल्या.

"हे पित्या, आमचा एक भाऊ..."

नाव त्यांनी पुन्हा गिळलं. कुणीतरी खाकरलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून घडीवाली उठली आणि त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मावशी, नाव घ्या."

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"घ्या. वहिनीचा फोन आला सकाळी. गुरुवारी पोलिसांनी तुरुंगात नेलं त्याला. आता नाव लपवायचं कुणापासून?"

"माझ्यामुळे गं?"

"ते आपल्याला कधीच कळायचं नाही," घडीवाली म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "पण कुणी विचारणारं नसलं की तिथे माणसं नाहीशी होतात. आता सगळ्यांना कळू दे, तो कुठे आहे."

मग तिने वळून जावयाला कॅमेरा लावायला सांगितलं.

मावशींनी नाव घेतलं. बापाच्या नावासकट, पूर्ण. शहर सांगितलं, बेकरी सांगितली, घरी बायको वाट बघतेय ते सांगितलं. तुरुंगाचं नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. घडीवालीने ते त्यांच्या कानात हळू सांगितलं. परक्या भाषेतलं ते नाव घेताना मावशी चुकल्या. तिने पुन्हा सांगितलं, आणि सगळी मंडळी मान खाली घालून थांबली, मावशींना ते नीट म्हणता येईपर्यंत.