लवूला दिलेला नारळ

मित्रांनो, मला आता गोल म्हणणे जरा धाडसाचे होईल. तरीही मी एक जुना फुटबॉल आहे. रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आत्मारामशेठ यांचे सोडावॉटरचे दुकान आहे. तिथे बाटल्यांच्या फळीवर, एका खिळ्याला मी टांगलेला असतो. माझी एक बाजू बसली आहे आणि शिवण दोन ठिकाणी उसवली आहे. पण एके काळी मला पाहायला सारा गाव कातळावरच्या मैदानात लोटत असे. खरे सांगायचे तर मला नव्हे, लवूला पाहायला.

माझा जन्म सियालकोटचा. कारागिरांनी गाईच्या कातड्याचे लांबट तुकडे उलट्या बाजूने शिवले, मग पिशवी उलटवून टाके आत घातले. एका चिरेतून रबराची पिशवी आत सरकवली, पंपाने हवा भरली, तिची मान दोऱ्याने बांधली आणि ती चीर चामड्याच्या वादीने बुटासारखी आवळून टाकली. म्हणून माझी वादीची बाजू इतर बाजूंपेक्षा जड आणि खडबडीत आहे. डोक्याने मारताना ती लागली तर कपाळ सोलून निघते. पावसात माझे कातडे पाणी पिते, आणि मग मला लाथ मारणे म्हणजे भिजलेल्या गोणीला लाथ मारणे.

मुंबईहून बोटीने मी दर्यावर्दी क्लबात आलो. क्लब मोठ्या नावाचा, पण खेळाडू साधे. कुणी बंदरावरचा हमाल, कुणी दुकानात गडी. बूट कुणाकडेच नव्हते. अनवाणी पायांनी ते मला बदडत, आणि मी जमेल तसा कुठेतरी जात असे. चेंडूचे आयुष्य असेच असते अशी माझी समजूत होती.

मग लवू आला. बंदरात पाणी उथळ, त्यामुळे आगबोट दूर समुद्रात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. लवू त्या पडावावर खलाशी होता. पहिल्याच दिवशी त्याने मला पायाच्या अंगठ्याने हळूच फिरवले आणि वादीची बाजू खाली, जमिनीकडे केली. असे त्याआधी कुणीच केले नव्हते. मग त्याने मला बाहेरच्या कडेने, मधल्या शिवणीच्या किंचित डावीकडे मारले. मी सरळ निघालो खरा, पण स्वतःभोवती गरगर फिरत होतो. माझ्या एका अंगाने हवा माझ्याबरोबर धावत होती, दुसऱ्या अंगाने ती मला अडवत होती. आणि हळूहळू, माझ्या मनात नसताना, मी वळू लागलो. गोलरक्षक जिथे उभा होता तिथून वळून, जिथे तो नव्हता तिथे मी गेलो. मित्रांनो, मी तोवर हजारो लाथा खाल्ल्या होत्या. त्या दिवशी प्रथमच मला कळले की मला उडताही येते.

पण या लवूचा स्वभाव मोठा विचित्र होता. कुणी "पास दे रे" म्हणून ओरडले की तो चेंडू सोडून कमरेवर हात ठेवून उभा राही. एकदा पंचाशी वाजले म्हणून तो भर सामन्यातून निघाला आणि थेट बंदरावर जाऊन पडाव धुऊ लागला. एकदा मध्यंतरात सोड्याची बाटली त्याला सर्वांच्या शेवटी मिळाली. उरलेला सामना तो आंब्याखाली बसून होता.

एकतीस सालच्या पावसाळ्यात क्लब ढालीच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचला. समोर संगमेश्वरचा संघ होता, आणि ढाल सलग दोन वर्षे त्यांच्याकडे होती. त्याच सुमारास मुंबईच्या एका गिरणीच्या मॅनेजरने लवूला संघात खेळण्यासाठी नोकरी देऊ केल्याची बातमी आली. सामना नारळी पौर्णिमेनंतर होता. दर्या खुला झाल्यावरची पहिली बोट त्याच दुपारी सुटणार होती. लवू मैदानात येणार की बोटीवर चढणार, याशिवाय बाजारात दुसरा विषय उरला नाही.

सामना नसला की मी तेव्हाही याच खिळ्याला असे, त्यामुळे वाद माझ्या खालीच, दुकानाच्या बाकावर चालत. कोर्टातले कारकून गंगारामभाऊ लवूच्या विरुद्ध, केरू सुतार त्याच्या बाजूने.

"त्याचा पाय तेवढा आपल्याकडे आहे. मन केव्हाच मुंबईस पोचलं," गंगारामभाऊ म्हणाले. "बोट लागली की हा बोटीवर. लिहून ठेवा."

"लिहायचं काम तुमचं, भाऊ. त्याचं काम गोल मारायचं. गेल्या सामन्यात तो वळणारा गोल कुणी मारलान?"

"वाऱ्यानं मारलान. खाडीवरनं वारा सुटला की चेंडू वळतो, नि नाव लवूचं."

"मग वाऱ्यालाच घेऊया की टीममध्ये. तो रुसायचा तरी नाय."

सगळे हसले. गंगारामभाऊ मात्र चिडले. "हा खेळाडू आहे का जावई? दर खेपेस रुसवा काढायला जायचं? मी म्हणतो, देऊन टाका त्याला नारळ."

नारळ देणे म्हणजे काढून टाकणे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आत्मारामशेठ क्लबाचे चिटणीस होते. लवू नसेल तर आपला संघ म्हणजे दहा माणसे आणि एक चेंडू, हे ते जाणून होते. ते बाटली पुसत राहिले आणि मग म्हणाले, "देऊया नारळ."

"शेठ?" केरूचे तोंड उघडेच राहिले.

"मानाचा. सामन्याआधी गोलाच्या खांबाशी नारळ वाढवतो ना आपण? यंदा तो मान लवूचा. विडा ठेवून नारळ त्याच्या घरी पाठवू. मान घेतलेला माणूस बोटीवर चढत नाही."

गंगारामभाऊंनी नकारार्थी मान हलवली, पण विरोध केला नाही. मात्र "देऊन टाका त्याला नारळ" हे त्यांचे शब्द तोवर दुकानाबाहेर पडले होते. बंदरावर पोचायला शब्दांना पडाव लागत नाही.

नारळ न्यायचे काम केरूने हौसेने अंगावर घेतले. माझी एक शिवण उसवली होती, म्हणून जाता जाता त्याने मलाही मोच्याकडे नेले. मोच्याला वेळ लागला. केरू बसून कंटाळला, आणि बोलता बोलता नारळासोबतचा विडा त्याने स्वतःच्याच तोंडात टाकला. मग एका काखेत मी, दुसऱ्या हातात नारळ, असे आम्ही लवूच्या घरी गेलो. लवू पडावाला डांबर लावायला गेला होता. त्याची आई येसूबाई अंगणात सुकट वाळत घालत होती.

"लवूसाठी क्लबानं नारळ दिलाय," केरू म्हणाला. नारळ ओट्यावर ठेवला आणि तोंड रंगलेले असल्यामुळे फार न बोलता तो निघाला.

येसूबाई त्या नारळाकडे पाहत उभी राहिली. "कशापायी रे?" तिने विचारले, पण केरू कुंपणापार गेला होता. मित्रांनो, मीही त्या क्षणी काही ओळखले नाही. मला टोला कळतो, शब्दांतली मेख कळत नाही.

सामन्याच्या दिवशी पाऊस उघडला होता. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ, आणि वारा अजिबात नव्हता. खांबांना बांधलेल्या पताका निपचित लोंबत होत्या. मैदानाच्या कडेने माणसेच माणसे, आणि खाली समुद्रात आगबोट उभी. लवूचा पत्ता नव्हता. नारळ वाढवायचा राहूनच गेला. आपला संघ दहा जणांनिशी उतरला आणि मध्यंतराआधी संगमेश्वरने एक गोल चढवला.

"सांगितलं नव्हतं?" गंगारामभाऊ म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

मध्यंतर झाले, आणि उतारावरून लवू येताना दिसला. गुडघ्यापर्यंत ओला, हातात नारळ. तो सरळ आत्मारामशेठांपुढे आला आणि नारळ त्यांच्या पायाशी ठेवला.

"हा तुमचा नारळ. मला काढायचं होतं तर तोंडावर सांगायचं. आईच्या ओट्यावर काय ठेवून जाता? पडाव बोटीला लागला होता. मॅनेजराचा माणूस चल म्हणत होता. मी परत फिरलो ते एवढंच विचारायला. मी क्लबाचं काय घोडं मारलंय?"

"काढायचं?" आत्मारामशेठ उठून उभे राहिले. "अरे, हा मानाचा नारळ. तू वाढवायचास म्हणून पाठवला."

"मानाचा असता तर विडा असता."

"विडा होता की. केरू, विडा होता ना?"

सगळ्यांच्या नजरा केरूवर गेल्या. केरू पायाच्या नखाने माती उकरू लागला. "होता," तो म्हणाला. "मोच्याकडे उशीर झाला. खाल्ला मी."

"आणि सांगितलंस काय?"

"क्लबानं नारळ दिलाय, असं म्हटलं."

हसायला सुरुवात गंगारामभाऊंनीच केली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. "मेल्या केरू, निरोप सांगायला गेलास नि निरोप देऊन आलास." मग हसू आवरून ते लवूपुढे आले. "नारळ देऊन टाका असं मी बोललो होतो, लवू. तू ऐकलंस ते माझंच. शेठचं नव्हे."

लवूने नारळ उचलला, खांबाजवळच्या जांभ्या दगडावर एका घावात वाढवला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा केरूच्या हातावर ठेवला. "हे खा. विड्यावर बरं लागतं."

नियमाप्रमाणे अकरावा गडी नंतरही घेता येतो. लवू उतरला. थोड्याच वेळात त्याने बरोबरी साधली. खेळ रंगात आला असताना खालून बोटीचा भोंगा वाजला. सगळ्या मैदानाने समुद्राकडे पाहिले आणि मग लवूकडे. त्याने मान वळवली नाही. तो चिखलातून मला बाहेर काढण्यात गुंतला होता.

शेवटी शेवटी संगमेश्वरच्या एका गड्याने त्याला पाडले. पंचाने शिट्टी दिली. गोल लांब होता आणि समोर माणसांची भिंत उभी होती. लवूने मला आपल्या पंच्याने पुसले आणि अंगठ्याने फिरवून वादी खाली केली. मी भिजून जड झालो होतो. आज वळणे जमणार नाही असे मला वाटले. त्याचा पाय माझ्या डाव्या अंगाला घासत गेला. मी भिंतीच्या बाहेरून निघालो, इतका बाहेरून की गोलरक्षकाने हात खाली सोडले. आणि मग पुन्हा ते घडले. हवेने मला एका बाजूने धरले. झाडे, माणसे, निपचित पताका माझ्याभोवती फिरल्या आणि मी वाकत वाकत खांबाच्या आतल्या कडेने जाळ्यात शिरलो.

गंगारामभाऊ पताकांकडे पाहत होते. "वारा नाय," ते हळूच म्हणाले. "वारा नायच आहे."

ढाल आली. पुढच्या वर्षी लवू मुंबईस गेला, पण भर दिवसा, सर्वांना सांगून. आणि त्याची ट्रंक पडावापर्यंत गंगारामभाऊंनी वाहिली. माझ्या जागी नवा चेंडू आला. माझे रबर विरले, कातडे वाळून कडक झाले आणि फळीवरची धूळ माझ्यावर साचत गेली. कुणी मला वाईट वागवले नाही. कुणी माझ्याकडे पाहिलेच नाही, इतकेच.

मग एका गणपतीला लवू घरी आला असताना दुकानात शिरला. त्याने मला खिळ्यावरून काढले आणि अंगठ्याने दाबून पाहिले. तो बाहेर गेला आणि होड्यांना लावतात ते उंडीचे तेल घेऊन आला. बाकावर बसून तो प्रत्येक शिवणीत तेल जिरवू लागला.

गंगारामभाऊ म्हणाले, "याचा आता काय उपयोग? हवा धरत नाय तो."

लवूने हात थांबवला नाही. "आपल्याकडनं खेळलाय तो," तो म्हणाला.

गंगारामभाऊ मग त्याच्याशेजारी बसले आणि त्यांनी माझी दुसरी बाजू पुसायला घेतली.

मित्रांनो, लवूचे मन क्लबात होते की नव्हते, याचा वाद अजूनही अधूनमधून निघतो. मला एवढेच कळते की ज्याला आपले वाटत नाही तो रागावून परत येत नाही. तो नुसता निघून जातो. तुमच्यात कुणी असा रुसणारा असेल तर त्याला आधी विचारा, मग काय ते ठरवा. आणि घरात कुठे जुने चामडे टांगलेले असेल, तर त्याला तडा जाण्याआधी तेल लावा. तडा गेल्यावर तेल आत जाते, पण तडा भरत नाही.